तिसऱ्या टाकीची शेवटची फळी

"मागचीचा हात धर, मगच पुढचीला बोलाव!"

हा बापाचा आवाज. ऐकून तीस वर्षं उलटली, आवाजाचा धनी जाऊनही बारा झाली, पण मोठीच्या कानात तो कधीही उठायचा. केस विंचरताना, जिना चढताना, कुणी नुसती काठी आपटली तरी. बाप उघड्या टाक्यांवर धातूच्या फळ्यांचं झाकण घालायचा. दीड वीत रुंद, दोन पुरुष लांब अशी एकेक फळी. एका अंगाला जीभ, दुसऱ्या अंगाला खाच. एकीची जीभ दुसरीच्या खाचेत सरकवायची, वर लाकडी मोगरीचा एक ठोका द्यायचा, की टक् करून दोघी अशा बिलगायच्या की वरून चालणाऱ्याला कुठं एक संपली नि कुठं दुसरी लागली ते कळू नये. एकीवर पाय पडला की शेजारच्या दोघी भार वाटून घ्यायच्या. बाप त्या फळ्यांशी लेकींशी बोलावं तसं बोलायचा, आणि लेकींशी मोगरीनं.

*ये गं बाई ये, अशी कुशीत शीर,*
*मागचीचा हात धर, पुढचीला दे धीर.*

असं गुणगुणत तो फळी बसवी. सूर असा गोड की ऐकणाऱ्याला झोप यावी. आणि त्याच सुरात, न थांबता, चुकलेल्या बोटांवर मोगरी उतरे. मोठीची डाव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी. धाकटीची दोन बोटं. पण मोगरीखाली शिकलेलं विसरत नाही म्हणतात तसं दोघींना एक गोष्ट पाठ झाली होती. एका भिंतीपासून निघायचं ते दुसऱ्या भिंतीलाच थांबायचं. दोन्हीकडून येऊन मधे भेटायचं नाही. मधे भेटलं की दोन खाचा समोरासमोर येतात. दोन उघडी तोंडं, आणि धरायला हात कुणालाच नाही.

तो नियम मोठीनं एका गुरुवारी मोडला. नऊ दिवसांनी एक माणूस मेला.

गावाची सगळी घाण जिथं वाहत येते आणि धुऊन पुढं जाते, अशा केंद्रात तिच्या टोळीचं काम चाललं होतं. एका रांगेत सहा टाक्या, प्रत्येक चाळीस पावलं लांब. तळातून ब्लोअरची हवा सोडलेली, त्यामुळं करडं पाणी रात्रंदिवस उकळल्यासारखं फसफसत असायचं. वास असा की आसपासच्या वस्त्यांनी खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या होत्या. म्हणून हे झाकण. टोळीची मुकादम मोठी. धाकटी हत्यारांच्या खोलीवर, द्यायला आणि परत घ्यायला. धाकटीचा नवरा उंच्या, नावाप्रमाणेच, दाराखालून वाकून जाणारा. शिवाय मामा, जो कुणाचाच मामा नव्हता, पण साठीचा झाला होता आणि तोंडाला कुलूप नव्हतं.

त्या गुरुवारी चहाच्या वेळी उंच्या म्हणाला, "ताई, होऊन जाऊ द्या. तिसरी टाकी. तुम्ही त्या भिंतीकडून, मी या भिंतीकडून. मधे आधी कोण पोचतं बघू."

"अरे, तुझी उंची बघून फळ्या उभ्याच राहतील," मामा म्हणाला. "बसायचं नावच घेणार नाहीत."

"मामा, तुम्ही बसा. तुम्हाला तेवढं छान जमतं."

सगळे हसले. मोठीनं नाही म्हणायला हवं होतं. पण आदल्याच दिवशी गुडघा धरून ती जिन्यावर थांबली होती, आणि खालून कुणीतरी म्हणालं होतं, "मुकादमाची गाडी आता चढावर धापते." सेहेचाळिसाव्या वर्षी असलं बोलणं मुकाट गिळता येत नाही.

"चल," ती म्हणाली. "पण हरलास तर आठवडाभर मामाच्या चपला तू पुसायच्या."

मग काय विचारता! फळीमागं फळी, ठोक्यामागं ठोका. टाकीच्या दोन टोकांहून दोन मोगऱ्या एकमेकींना उत्तरं देऊ लागल्या. पंपघरातली माणसं काम सोडून बघायला आली. मोठी अकरा फळ्यांनी पुढं होती. तिच्या गुडघ्यात कळ होती आणि चेहऱ्यावर तिचं सोळावं वर्ष. शेवटच्या फळीची जागा आली तेव्हा तिनं हात वर केला, मामानं शिट्टी मारली, उंच्यानं मोगरी खाली ठेवून हात जोडले आणि तो तोंड धुवायला गेला. बघणारे पांगले.

आणि मोठी एकटी त्या शेवटच्या फटीपाशी वाकली तेव्हा तिला दिसलं. दोन खाचा, समोरासमोर. शिवाय फट फळीपेक्षा चार बोटं अरुंद.

करायचं काय ते तिला ठाऊक होतं. उंच्याच्या बाजूच्या सगळ्या फळ्या उचलायच्या, फिरवायच्या, आणि आपल्या बाजूनं शेवटपर्यंत पुन्हा बसवायच्या. अर्ध्या दिवसाचं काम. पण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत करायचं. पहिल्या आठवड्यातल्या शिकाऊ माणसानं करावी तसली चूक मुकादमानं केली, आणि तीही पोरकटपणानं, पैज लावून, हे सगळ्यांना दिसलं असतं. मामानं तर ते मरेपर्यंत सांगितलं असतं.

तिनं कटर आणला. फळीच्या दोन्ही बाजूंच्या, खालच्या उभ्या कडा कापल्या. त्या कडा म्हणजे फळीचा कणा. त्या गेल्या की उरतो तो नुसता पत्रा. तो पत्रा तिनं फटीत ठेवला, वरून दाबला. बसला. वरून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. उद्या येऊन नीट करू, असं ती मनाशी म्हणाली. उद्या चौथ्या टाकीचा माल आला. परवा पाचवीचं माप. मग मन ते म्हणायचं थांबलं.

पण त्याच दुपारी आणखी एक गोष्ट झाली. टोळीत बापाच्या काळापासून रीत होती. शेवटची फळी बसवणारा तिच्यावर आपला ठसा मारतो. प्रत्येकाचा पोलादी ठसा वेगळा. मोठीचा चांदणीचा, उंच्याचा दोन उभ्या रेघांचा. उंच्या तोंड धुऊन आला, हसत होता, पण कान लाल झाले होते. मोठीला त्याची कणव आली. खरंच आली. "ये रे," ती म्हणाली, "ठसा तू मार. अर्धी टाकी तुझीच आहे की."

"अहो पण जिंकलात तुम्ही."

"मुकादमाला उलटून बोलू नये."

तो लहान मुलासारखा खुलला. एकाच घावात त्यानं दोन रेघा उमटवल्या आणि अंगठ्यानं पुसून चकचकीत केल्या. फळीखाली काय आहे हे बघायचं त्याला कारणच नव्हतं. तिनं बसवली होती ना.

*

त्या केंद्रात एक नमुनेवाला होता. सडपातळ, सदा शीळ घालणारा. रोज सकाळी लांब दांड्याचं भांडं आणि बादली घेऊन प्रत्येक टाकीतलं पाणी काढून तपासायला न्यायचा. टोळीची कायम थट्टा करायचा, "काय मंडळी, आमच्या घाणीला घर बांधताय होय? वास्तुशांतीला बोलवा." बोलता बोलता मोठीची पिशवी स्वतःच्या खांद्यावर घेऊन वर पोचवायचा. तिचा गुडघा त्यानं पाहिला होता, पण त्यावर चकार शब्द काढला नव्हता.

नवव्या दिवशी, शनिवारी सकाळी, तो तिसऱ्या टाकीवरून चालत मधोमध आला आणि त्यानं पाय टाकला. रोज त्याच्या पावलांखाली थोडाथोडा दबत आलेला पत्रा आता पुरता वाकला, दोन्ही टोकांनी भिंतीवरून सुटला, आणि तो सरळ खाली गेला. बादली मात्र वर राहिली. गडगडत, आपटत ती थेट पंपघराच्या दारापर्यंत आली.

पंपवाला त्याचा सख्खा थोरला भाऊ. बादली बघून तो धावत सुटला.

पोहता येत होतं नमुनेवाल्याला. चांगलं येत होतं. पण त्या पाण्यात निम्मी हवा असते. खालून एवढे बुडबुडे येतात की पाणी माणसाला उचलूनच धरत नाही. हात मारले तर हाताला काही लागत नाही. नावाडी पडला तरी दगडासारखा तळाला जातो. पंपवाला फटीत तोंड घालून भावाच्या नावानं ओरडत होता आणि ब्लोअर त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होते. कुणाला तरी ते बंद करायचं सुचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं.

टाकी रिकामी करायला दुपार झाली. तो तळाला कुशीवर पडलेला होता, गाळानं माखलेला. मूठ हवेच्या नळीभोवती आवळलेली. ती काही केल्या सुटेना. शेवटी पंपवाल्यानं डोळे मिटले आणि भावाचं एक बोट मोडलं. कट् असा आवाज झाला. वर उभ्या असलेल्या मोठीनं तो ऐकला, आणि तिची वाकडी करंगळी नुकतीच मोडल्यासारखी ठणकली.

शेजारीच ती फळी होती, मधोमध दुमडलेली. पंपवाल्यानं ती वर आणून सगळ्यांपुढं आपटली. गाळ उडाला. दोन्ही कडा कापलेल्या स्पष्ट दिसत होत्या. आणि वरच्या अंगाला दोन उभ्या रेघा, चकचकीत.

"हा ठसा कुणाचा?"

उंच्या पुढं झाला. "माझा."

तो पुढचं काही बोलायच्या आत पंपवाल्याची मूठ त्याच्या तोंडावर बसली. उंच्या गुडघ्यावर आला. दुसरा ठोसा कानावर. मग लाथ, बरगडीत. उंच्या हातही वर करीना. तो त्या फळीकडं बघत होता. तिच्या कापलेल्या कडांवरून त्याची नजर फिरली, आणि रक्तानं भरलेल्या तोंडानं त्यानं मान वर करून मोठीकडं पाहिलं. एकदाच. मग मान खाली घातली.

तेव्हा मोठीच्या आत काय झालं ते तिलाही सांगता आलं नसतं. तोंड उघडायला हवं होतं. तोंडाऐवजी हात चालले. मोगरी घेऊन ती पंपवाल्यावर तुटून पडली. पहिला घाव खांद्यावर, दुसरा मनगटावर. त्यानं तिला केसांना धरून कठड्यावर आदळलं, तिच्या भुवईची कातडी फाटली. तरी डोळ्यांत रक्त उतरलेलं असतानाच तिनं त्याच्या दंडाचा लचका तोडला. चार जणांनी ओढलं तेव्हा दोघं सुटली.

"बहिणीच्या नवऱ्यासाठी वाघीण झाली हो," पंपघरातला एक जण नंतर म्हणाला. "अशी माणसं असावीत पाठीशी."

मोठीनं ते ऐकलं. भुवईला टाके पडत होते. टाके घालणारी म्हणाली, "दुखतंय का?" मोठी नाही म्हणाली.

पोलीस आले, फळी घेऊन गेले, सोमवारी चौकशीचे साहेब येतील, तोवर गाव सोडू नका असं उंच्याला सांगून गेले. गावाची घाण काही कुणासाठी थांबत नाही. रविवारी टाकी पुन्हा भरली, ब्लोअर पुन्हा सुरू झाले. फटीभोवती एक दोरी बांधली होती.

*

सोमवारी सकाळी मोठी हत्यारांच्या खोलीत गेली. खोली म्हणजे जुना लोखंडी डबा, आत दोन्हीकडं खिळ्यांच्या रांगा. ज्याला जे हत्यार हवं त्यानं आपला पितळी बिल्ला त्या खिळ्यावर अडकवायचा आणि हत्यार न्यायचं. परत देताना बिल्ला परत. धाकटी पाने पुसत बसली होती. तिनं वर पाहिलं नाही.

"साहेब दहाला येतायत," मोठी म्हणाली. "तिसरीच्या फळ्या उचलून दाखवायच्यात. पहार दे."

"त्या पैजेच्या गुरुवारी कटरच्या खिळ्यावर तुझा बिल्ला होता, ताई."

मोठी हातमोजे चढवत राहिली. "कटर काय, रोजच नेते मी. भलतंसलतं काही..."

थोबाडीत बसली ती इतकी जोरात की भुवईचा एक टाका उसवला. आयुष्यात धाकटीनं तिच्यावर हात उचलला नव्हता.

"त्याचे दोन दात गेले," धाकटी म्हणाली. तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "बरगडी मोडलीय. काल दिवसभर चमच्यानं पाणी पाजलं. विचारलं, कुणी कापली रे? म्हणतो, मला ठाऊक नाही. ताईंना ठाऊक असेल, त्या सांगतील. सांगतील म्हणतो! एवढा विश्वास त्या येड्याचा."

"मग तू सांग ना जाऊन. तुझे हात कुणी बांधलेत?"

"मी सांगू? नवऱ्याची मान सोडवायला बहिणीची मान पुढं केली, म्हणतील. त्यानं सांगितलं तर अंगाशी आलं म्हणून बाईमाणसावर ढकलतो, म्हणतील. खरं धरतील ते एका तुझ्याच तोंडचं. आणि तुझ्या तोंडाला टाके पडलेत, भुवईला पडलेत त्याहून घट्ट."

"बापाचं नाव आहे या कामात. चाळीस वर्षांचं..."

"बापाचं नाव काढू नकोस!" धाकटीनं आपला हात तिच्या नाकासमोर धरला, दोन वाकडी बोटं ताणून. "हे आहे बापाचं नाव. तुला पुरलं नाही का?"

मोठीनं तो हात झटकला. धाकटीनं तिची कॉलर धरली. मोठीनं तिला खिळ्यांच्या रांगेवर ढकललं. पाने, पकडी, हातोडे धडाधड कोसळले, एक जड पाना धाकटीच्या पावलावर पडला आणि ती कळवळून खाली बसली. तरी तिनं बहिणीची कॉलर सोडली नाही. दोघी तशाच खाली आल्या, लोखंडाच्या पसाऱ्यात, लहानपणी एका पांघरुणासाठी भांडायच्या तशा. दोघींना धाप लागली होती.

"त्या माणसाची आई गेटवर बसलीय कालपासून," धाकटी कुजबुजली. "माहीत आहे?"

माहीत होतं. मोठी आज मागच्या दारानं आली होती.

तेवढ्यात बाहेरून मामाची किंकाळी आली. "अगं धावा! मारून टाकतायत त्याला!"

*

उंच्या सांगितल्याप्रमाणं फळ्या उचलायला आला होता. छातीला पट्टा, ओठ वांग्यासारखा सुजलेला. पंपवाला आणि पंपघरातले पाच-सहा जण त्याचीच वाट बघत होते. साहेब येऊन कागदावर सही करतील, अपघात म्हणून लिहितील आणि जेवायला जातील, हे त्यांना साहेबांपेक्षा आधी कळलं होतं.

मोठी वर पोचली तेव्हा ते त्याला पाय धरून फरफटत फटीकडं नेत होते. त्याचं डोकं फळ्यांवर आपटत होतं. चकचकीत फळ्यांवर तांबडी रेघ उमटत होती. मामा मधे पडला तर कुणीतरी त्याच्या पोटात गुडघा घातला, म्हातारा दुमडून कठड्याला टेकला आणि ओकू लागला.

मोठीच्या हातात पहार होती. कशी आली ते तिला आठवत नव्हतं. पहिला आडवा आला त्याच्या मनगटावर तिनं ती उतरवली. हाड मोडल्याचं तिला पहारीतून कळलं. तो हात धरून खाली बसला आणि लेकरासारखा रडू लागला. दुसऱ्याच्या नडगीवर घातली. तिसऱ्यानं मागून तिला मिठी मारली, तिनं डोकं मागं आपटून त्याचं नाक फोडलं. गरम रक्त तिच्या मानेवरून पाठीत उतरलं. पण ते फार होते. कुणीतरी तिच्या दुखऱ्या गुडघ्यावर लाथ घातली आणि तिच्या डोळ्यांपुढं पांढरं झालं. दोघांनी तिला फळ्यांवर पालथी पाडली. एकाचा पाय मानेवर. गाल धातूवर दाबलेला. खालचं सगळं पाणी त्या धातूतून तिच्या कानात फसफसत होतं.

तिथून तिला फक्त फट दिसत होती. दीड वीत सुद्धा नाही. मग पंपवाल्याच्या माणसांनी शेजारच्या दोन फळ्या काढून ती रुंद केली, उंच्या जाईल एवढी.

पंपवाल्यानं उंच्याला कंबरेच्या पट्ट्याला धरून उचललं आणि कंबरेपर्यंत त्या भोकावर ओणवा लोटला. एवढा लांब माणूस, तो ओल्या कपड्यासारखा लोंबत होता. हात खाली, बोटं वाफेत.

"बोल, तूच कापलीस ना?" पंपवाला ओरडला. ब्लोअरच्या घरघरीत त्याला गळा फाडावा लागत होता. "नुसतं हो म्हण! हो म्हण एकदा! मला दुसरं काही नको!"

"ठसा माझा आहे," उंच्या म्हणाला.

"कापली कुणी?"

"ठसा माझा आहे."

पंपवाल्यानं त्याला आणखी वीतभर खाली सोडलं. तोही रडत होता, हे मोठीला तेव्हा दिसलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, नाकातून पाणी. "माझा भाऊ होता रे तो! मी त्याचं बोट मोडलं! तू सांग, कशासाठी मोडलं मी?"

उंच्यानं भोकाच्या काठावर मान उचलून वळवली. मोठीचा चेहरा त्याच्यापासून सहा हातांवर होता. त्याच्या तोंडून एक शब्द निघाला असता तर गोष्ट तिथंच संपली असती. एकदा तिच्याकडं बघितलं असतं तरी कुणीतरी ओळखलं असतं. म्हणून तो तिच्याकडं बघत नव्हता. ती सोडून सगळीकडं बघत होता. मामाकडं, कठड्याकडं, आभाळाकडं. शनिवारी त्यानं जे एकदा पाहिलं होतं ते तो आता निगुतीनं लपवत होता, आणि ते लपवण्यासाठी त्याला डोळे फुटेस्तोवर मान पिरगळून धरावी लागत होती.

मोठीला वाटलं, याच्यापेक्षा त्यानं थुंकावं.

तिनं ओरडायचा प्रयत्न केला. मानेवरच्या पायाखालून जे निघालं ते ब्लोअरनं गिळून टाकलं. तिचं तिलाच ऐकू आलं नाही. मानेवरचा म्हणाला, "गप पड."

मग एकाएकी घरघर थांबली.

धाकटी लंगडत भिंतीवरच्या पेटीपाशी गेली होती. पाना पडलेल्या पावलातून बुटाबाहेर रक्त येत होतं. तिनं लाल बटणावर मूठ मारली होती, आणि आता ती पेटीला पाठ लावून उभी होती, हातात मोगरी, कुणी जवळ येईल त्याच्यासाठी. "आता टाका," ती ओरडली. "हवा बंद केलीय. पडला तर निदान तरंगेल तरी!"

बुडबुडे मरत गेले. आधी टाकीच्या कडेचे, मग मधले. करडं पाणी हळूहळू सपाट झालं. शनिवारीही हवा बंद झाली होती, पण तेव्हा आरडाओरडा होता; एवढी शांतता तिथं कुणी ऐकली नसेल. मोडक्या मनगटाचा माणूस हुंदके देत होता तेवढं ऐकू येत होतं. उंच्याच्या नाकातून थेंब खाली पडत होते. एक पडला. मग दुसरा. पाण्यावर पडल्याचा आवाज स्पष्ट आला. खाली गेटवर एक म्हातारी कुणाला तरी विचारत होती, "काय झालं? का बंद केलं?"

मानेवरचा पाय सैल झाला. कदाचित त्या माणसालाही त्या शांततेनं दचकवलं असेल. मोठी कोपरांवर उठली, मग गुडघ्यावर. गुडघा धरत नव्हता. दोघांपैकी एकानं पुन्हा तिचा दंड पकडला, पण तिनं पहार उचलली नाही. दंड सोडवून ती तशीच चार पावलं रांगत पंपवाल्यापर्यंत गेली. त्यानं लाथ मारायला पाय उचलला. तिनं तो अडवला नाही. लाथ खांद्यात बसली, ती कलंडली, पुन्हा उठली, आणि दोन्ही हातांनी उंच्याचा पट्टा धरला, पंपवाल्याच्या मुठीच्या शेजारी. आता त्या माणसाचा भार दोघांच्या हातात होता.

"ताई, नका," उंच्या खालून म्हणाला.

पंपवाल्याचं तोंड तिच्या तोंडापासून हातभर अंतरावर होतं. तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. तिच्या भुवईतून रक्त गळत होतं.

"वर घे त्याला," ती म्हणाली. "त्याला काही माहीत नाही. आम्ही दोन्हीकडून बसवत आलो. माझ्या हौसेनं. मधे दोन खाचा समोर आल्या. सगळं उचलायला हवं होतं, मला लाज वाटली. हा तोंड धुवायला गेला होता. कटर मी आणला. दोन्ही कडा मी कापल्या, वरून बसवली, आणि ठसा याला मारायला लावला. नऊ दिवस मला ठाऊक होतं. तुझा भाऊ रोज माझी पिशवी वर आणून द्यायचा, त्याच फळीवरून यायचा, आणि मी बघत होते. तुझा भाऊ मी मारला."